कलमाच्या खाली

त्या जानेवारीत सलग पाच दिवस दव गोठलं. आमच्या नाशकातल्या सार्वजनिक गुलाबबागेतली झाडं शेंड्यापासून काळी पडली. माळी एकटाच, म्हणून सकाळी फिरायला येणारे आम्ही चार-पाच निवृत्त लोक त्याच्या हाताखाली राबायला लागलो.

माझा त्यात स्वार्थ होता. कोपऱ्यातलं गर्द लाल गुलाबाचं झाड माझ्या बायकोचं लाडकं. रोज वाकून वास घ्यायची, फूल कधी तोडलं नाही. फाल्गुनात तिचं वर्षश्राद्ध होतं आणि त्या झाडाचं एक फूल मला तिच्या फोटोपुढे ठेवायचं होतं.

माळी म्हणाला, "काका, आत्ता कात्री लावू नका. थंडी शिवरात्रीला शिवशिव म्हणत जाती. मग बघू, कुठवर जीव हाय ते."

शिवरात्रीला छाटलं तर फूल चैत्रात येणार. मी नुसती मान डोलावली.

दोन दिवसांनी तो पिंपळगावला लेकीकडे गेला. मी घरून द्राक्षाची कात्री आणली. द्राक्षबागेत वाढलोय, हा मला काय शिकवणार, ही मस्ती होतीच. काडी कापली, आत तपकिरी. आणखी खाली कापली, तरी तपकिरी. हिरवं लागलं ते मातीपासून दोन बोटांवर. राहिलेल्या काड्या आत न बघताच तिथून उडवल्या.

तीन आठवड्यांत तरारून धुमारे फुटले. बाकीची बाग अजून काळीच. परत आलेल्या माळ्याला मी हाताला धरून दाखवायला नेलं. तो उकिडवा बसला, पानं निरखत राहिला.

"काका, कलमाच्या खालून कापलंत. लाल गुलाब वर बांधलेला व्हता, हा खालचा रानगुलाबाचा खुंट फुटलाय."

"मग लाल फूल?"

"आता नाय यायचं."

खुंटावर कलम असतं हे द्राक्षवाल्याच्या पोराला कुणी सांगावं लागतं? मला लाज वाटली, आणि स्वतःचा भयंकर राग आला. 'तुम्हाला मेला धीरच नाही,' बायको म्हणायची. दवाखान्यातसुद्धा म्हणाली होती.

कुंपणाशी मी टाकलेल्या काड्यांचा ढीग तसाच पडला होता. उगाच उलथापालथ केली. न बघता उडवलेल्यांपैकी एक काडी आतून अजून हिरवी होती. ढिगात पडल्या पडल्या तिला दोन लाल कोंब फुटले होते आणि पाण्यावाचून वाळून गेले होते.

माळी मागे उभा होता. त्याने ती काडी माझ्या हातातून घेतली आणि वाळलेले कोंब बोटाने चाचपले.

वर्षश्राद्धाला मी फोटोपुढे बाजारातली शेवंती ठेवली.