साडभाऊंचा काटा

माझे साडभाऊ घटकाभर एका जागी बसलेले आमच्या मूल नावाच्या गावात कुणी पाहिले नाहीत, आणि पाहिले म्हणणारा खोटं बोलतो! लग्नाच्या पंगतीत वरण येईपर्यंत हा माणूस उठून मंडपाचे दोर आवळून येतो. मार्कंड्याच्या जत्रेत दर्शनाच्या रांगेत हे कठड्याचे नटबोल्ट कसत बसले. मागचे लोक पुढे गेले, देव राहिला. गाडी चुकू नये म्हणून यांनी घरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. घरच्यांनी मुकाट्याने दहा वजा केली. यांनी पंधरा केली, घरच्यांनी पंधरा वजा केली. आता काय म्हणावं!

मग यांची पोर नर्स झाली आणि एटापल्लीकडच्या जंगलात तिला दवाखाना मिळाला. आलापल्ली सोडली की पंप नाही, पुढे फोनही लागत नाही. साडभाऊंनी आपली जुनी जीप तिला द्यायची ठरवली. पण जीपचा डिझेलचा काटा मेलेला. घुग्घुसच्या भंगारातून ट्रकचा काटा आणून बसवला, तर टाकी गच्च भरली तरी तो अर्ध्यावरच!

"टाकीतला फ्लोट एक सांगते, काटा दुसरंच समजते," साडभाऊ म्हणाले. "मधात बरोबर रेझिस्टन्स लावला का दोघाइचं जुळते."

मग काय, अंगणभर कॅन, बादल्या, तारा. टाकी रिकामी कर, भर, रेझिस्टन्स बदल, पळत जाऊन काटा पाहा. ताटातलं जेवण वाळलं. संध्याकाळी काटा तंतोतंत जुळला, मी हुश्श केलं, आणि या बाबानं पुन्हा सगळं उकललं! टाकीत पाच लिटर डिझेल ठेवलं आणि काटा शून्यावर येईपर्यंत त्याला छळलं.

"चांगला जुळलेला बिघडवून काऊन राह्यले भाऊ?" मी विचारलं.

"पाच लिटरमधे थे जंगलाच्या बाहेर येते. पोरीले नोको सांगजो. सांगलं तं वजा करन."

गेल्या महिन्यात तिच्यासोबत त्याच जीपने गेलो. आलापल्लीजवळ काटा शून्यावर टेकला, तिने लगेच पंपावर गाडी घातली. मी भोळा चेहरा करून बाहेर पाहत राहिलो. ती हसली.

"मावसाजी, घरचं घड्याळ पाहून मोठी झाली मी. टाकीत अजून पाचेक लिटर असन."

"मंग भरते काऊन?"

तिने फोन लावला, स्पीकरवर. "बाबा, काटा शून्यावर आला होता. फुल केली टाकी."

पलीकडे "हाव" ऐकू आलं, आणि मागोमाग खुर्ची करकरली.

"बसले," ती म्हणाली, आणि मला एकदम भरून आलं.