उसनं रक्त

जमिनीपासून नव्वद फुटांवर, काचेच्या केबिनमध्ये बसून वीस टनांचा लोखंडी खांब अलगद खाली टेकवणारा माणूस सुईला भितो, असं कुणी म्हटलं असतं तर यार्डात हशा पिकला असता. पण तसं होतं खरं. बायकोला ते ठाऊक होतं आणि मेव्हण्याला. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याच यार्डात खाली उभा राहून वॉकीटॉकीवरून सांगायचा, "घ्या, घ्या, थोडं डावीकडे, बस!" वरून माल दिसेनासा झाला की खालच्याच्या आवाजावर भरवसा ठेवून हात हलवायचा, हीच क्रेनवाल्यांची रीत. अकरा वर्षं या दोघांनी असं काम केलं आणि कुणाच्या नखालाही धक्का लागू दिला नाही.

नुसती भीती असती तर त्याने दातओठ खाऊन सोसली असती. पण सुई आत शिरली की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि हा आडदांड गडी खुर्चीतून घसरायचा. वार्षिक तपासणीच्या कागदावर 'चक्कर येते' एवढे दोन शब्द पडले की केबिन गेली, कायमची. दुसरं कुठलंच काम त्याला येत नव्हतं आणि खरं सांगायचं तर यायला नकोच होतं.

चार वर्षांपूर्वी मेव्हण्याने डोकं लढवलं. तपासणीच्या दिवशी बाहेरची माणसं शेडमध्ये टेबल टाकून बसत, यादीतलं नाव पुकारत आणि पुढे येईल त्या दंडाला पट्टा आवळत. हेल्मेटखालचा माणूस कोण, हे बघायला वेळ कुणाला होता? क्रेनवाल्याचं नाव पुकारलं की मेव्हणा पुढे व्हायचा.

"आवाज माझा वापरता ना भावोजी, मग रक्तही वापरा. घरचंच आहे," असं म्हणून वर डोळा मिचकावायचा. बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं.

मेव्हण्यासारख्या खालून इशारे देणाऱ्या सिग्नलवाल्यांच्या रक्ताची तपासणी नसायचीच. त्यामुळे त्याच्या स्वतःच्या नावाने त्याचं रक्त कधी कुणी बघितलंच नव्हतं. हे त्या दोन शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

यंदा चिठ्ठी आली. रक्तातली साखर फार वाढलेली. दोन दिवसांत दवाखान्यात उपाशीपोटी येऊन पुन्हा तपासणी करावी, तोपर्यंत क्रेनवर चढू नये.

क्रेनवाल्याने चिठ्ठी बायकोला दाखवली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. साखरेचा डबा तिने कपाटावर टाकला, बिनसाखरेचा चहा त्याच्यापुढे आदळला आणि भावाला हाक मारली. "तूच सांग रे यांना काहीतरी! बाबांचा पाय कसा गेला ते आपण दोघांनी बघितलंय. आधी बोट, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. मला पुन्हा तेच बघायचं नाहीये."

मेव्हणा "हो ताई, हो" म्हणाला आणि माठाकडे गेला. एक पेला पाणी प्याला, मग दुसरा, मग तिसरा. क्रेनवाल्याच्या काळजात धस्स झालं. गेले कित्येक महिने हा माणूस घडीघडीला "भावोजी, दोन मिनिटं थांबा" म्हणून आडोशाला पळत होता, कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पाडत होता, आणि याने वरून त्याची टिंगल केली होती. रडणाऱ्या बायकोला सांगावं तरी काय? ज्याच्यासाठी रडतेस तो मी नव्हे, तो तिकडे पाणी पितोय?

संध्याकाळी दोघं कोपऱ्यावर उभे राहिले तेव्हा मेव्हणाच म्हणाला, "मी दोन दिवस काही खात नाही. साखर झक मारत खाली येईल. परवा पुन्हा मीच जातो. तुमची केबिन शाबूत."

"आणि तुझं काय?"

"मला काय धाड भरलीय?"

खोटं कशाला सांगायचं, क्रेनवाला "बरं" म्हणाला. घरी येऊन बिनसाखरेचा चहा निमूटपणे प्याला आणि स्वतःचीच त्याला शिसारी आली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं दवाखान्याच्या बाकावर बसले. दोन दिवसांच्या उपासाने मेव्हण्याचे गाल आत गेले होते. हातातली पाण्याची बाटली अर्धी झाली होती. आतून सिस्टरनी क्रेनवाल्याचं नाव पुकारलं. मेव्हणा उठला. क्रेनवाल्याने त्याची बाही धरली, त्याला खाली बसवलं आणि स्वतः आत गेला.

सिस्टर पन्नाशीच्या होत्या. त्यांनी पट्टा आवळला, कोपराच्या आत बोटाने चाचपलं, दोनदा टिचकी मारली. "शीर कुठे दडवलीत? पाणी प्यायलात का?"

"आम्ही क्रेनवाले सकाळी पाणी पीत नाही. वर गेल्यावर चार तास खाली उतरता येत नाही."

"आज कुठे वर जायचंय तुम्हाला?"

सवयीने घात केला होता. पहिली सुई शिरली, आत चाळवली गेली आणि रिकामीच बाहेर आली. दुखलं, चांगलंच दुखलं. कानात भुंगा गुणगुणू लागला, हातपाय गार पडले, भिंत पांढरी व्हायला लागली. अजून एक क्षण आणि तो खाली जाणार होता.

"मला चक्कर येते," तो म्हणाला. इतकी वर्षं दडवलेलं त्याच्या तोंडून असं घाईघाईत बाहेर पडलं.

"मग आधी सांगायचं ना! आडवे व्हा." सिस्टरनी त्याला कॉटवर झोपवलं. "मांड्या घट्ट आवळा. दुसऱ्या हाताची मूठ पण. दहा आकडे मोजा, सोडा, पुन्हा आवळा. रक्त डोक्याकडे राहतं त्याने. सुईला घाबरून पडणारे माझ्याकडे रोज येतात, त्यात लाजण्यासारखं काय?"

तो आवळत राहिला, सोडत राहिला. भिंतीला हळूहळू रंग परत आला. "एक करा," तो डोळे मिटून म्हणाला, "काय करताय ते आधी बोला. न बोलता काही करू नका."

"बरं. आता पट्टा. आता कापूस, गार लागेल. आता टोचणार, श्वास सोडा." टोचलं. घामाने शर्ट भिजला. "मिळाली शीर. एक नळी भरतेय. अर्धी झाली. भरली. सुई काढते. झालं."

झालं होतं आणि तो शुद्धीत होता! त्याला हसू आलं, आणि लगेच विरलं. चक्करेचं सिस्टरनी कागदावर काही लिहिलं नव्हतं. त्याच्या हातातलं रक्त चांगलं निघणार, डॉक्टर मागच्या चिठ्ठीवर काट मारणार, केबिन परत मिळणार, आणि बाहेर बाकावर बसलेला माणूस पाणी पीत राहणार. गप्प बसलं की सगळं जमत होतं.

"सिस्टर, मागच्या वेळचं रक्त माझं नव्हतं," तो उठून बसत म्हणाला. "बाहेर बसलाय त्याचं होतं. चार वर्षं त्याचंच होतं."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "हे मला डॉक्टरांना सांगावं लागेल. तुम्हा दोघांची नोकरी—"

"सांगा. पण आधी त्याचं रक्त घ्या."

त्याने दार उघडून हाक मारली. मेव्हणा आत आला, कॉट बघितली, नळी बघितली आणि काय झालंय ते समजला. चार वर्षं बेधडक पुढे केलेला हात त्याने पाठीमागे लपवला.

"भावोजी, मला काही झालेलं नाही."

"बस."

"खरंच काही नाही झालेलं. ताईला सांगू नका. बाबांचं बघितलंय मी."

"मीही तुझ्याबरोबर आहे. बस आता."

तो बसला. क्रेनवाल्याने त्याचा हात पाठीमागून काढला आणि टेबलावर ठेवून धरून राहिला. त्याच्या स्वतःच्या दंडावरचा कापूस लाल झाला होता. सिस्टरनी नवी नळी घेतली, त्यावर कोरी पट्टी चिकटवली.

"नाव?"

सवयीने मेव्हण्याने क्रेनवाल्याचं नाव सांगितलं.

"तुझं सांग," क्रेनवाला म्हणाला.

मेव्हण्याने सांगितलं, पण इतक्या हळू की सिस्टरना पुन्हा विचारावं लागलं.