चोरीचा एकताल

अविनाश गेल्याचा फोन आला तेव्हा मी रियाजाला बसलो होतो. पलीकडून सुनंदावहिनी म्हणाल्या, "भावोजी, लगेच या. आणि इथे येऊन भोकाड पसरू नका. तुमचं बेसूर रडणं ह्याला सोसणार नाही." कॉलेजपासूनचा मित्र गेलेला, आणि मी हसत हसत घराची किल्ली शोधत होतो... डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे ती सापडत नव्हती.

मुलुंडला आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये अवि राहायचा. नोकरी चांगली होती, पण माझ्या नादाने त्याच्या डोक्यात एक किडा शिरला. रोजच्या रियाजाला तबलजी मिळत नाही, आणि माझ्यासारख्याला तर पैसे देऊनही मिळत नाही. म्हणून त्याने ठेका आणि तंबोरा वाजवणारं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. पार्ल्याच्या एका तबलजींना घरी बसवून एकेक बोल रेकॉर्ड केला. पुढे नोकरीही सोडली. सॉफ्टवेअर बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत वाजायला लागलं, फक्त विकलं जाईना. क्लासमधला एक जण विकत घ्यायचा आणि बाकी सगळे त्याच्या पेनड्राइव्हवरून उतरवायचे. "पाडव्यापर्यंत बघतो," अवि एकदा म्हणाला, "नाही जमलं तर हे बंद. पुन्हा नोकरी धरतो."

मी हळहळलो. अगदी मनापासून हळहळलो, आणि घरी येऊन त्याचंच सॉफ्टवेअर लावून गायला बसलो. अर्थात चोरीचं. घाटकोपरच्या एका भजनी मंडळाने मला प्रेमाने कॉपी दिली होती. मनाची समजूत घालण्यात मी पहिल्यापासून तयारीचा गवई. मी काही ते बाजारात विकत नव्हतो. शिवाय माझ्या कॉपीमुळे अविचं काय कमी झालं? त्याचा एकताल त्याच्याकडे होताच की! आणि त्याच्याकडे मागितलं असतं, तर बिचाऱ्याला माझ्याकडून पैसे घ्यायला किती अवघड गेलं असतं... म्हणजे मित्राचा संकोच वाचवण्यासाठी मी चोरी करत होतो!

पाडव्याला सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये माझं गाणं ठेवलं होतं. तबलजींनी आयत्या वेळी टांग दिली, म्हणून मी लॅपटॉप लावला. अवि पहिल्याच रांगेत होता. म्हटलं, आपलं सॉफ्टवेअर ऐकून खूश होईल. तोडीतला विलंबित ख्याल सुरू केला. थोड्या वेळाने मला वाटलं, आज काहीतरी वेगळंच होतंय, अंगात वीज शिरलीय. आलापांच्या जागी ताना यायला लागल्या. मग तानांनाही जागा पुरेना. शेवटी मी बंदिशीचे शब्द गिळत, समेच्या मागे पळत, लाल तोंडाने कसाबसा मुक्कामाला पोचलो. एरवी माझ्या गाण्यात हळूच नाश्त्याकडे सरकणारे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. अविने तोंडात रुमाल कोंबला होता.

"काय लय लागली होती रे आज!" मी धापा टाकत म्हणालो.

"चोरीच्या कॉपीत ती पाडव्यापासून आपोआप चढते, दिन्या. मीच तशी सोय करून ठेवलीय. म्हटलं बघू, कोण सापडतो."

"अरे, पण मित्राच्या वस्तूत कसली आलीय चोरी?"

"मित्र ना? मग बेल वाजवून मागायचंस. दिलं असतं मी. तू मला देऊच दिलं नाहीस, यार."

मी शिरा खाल्ला.

माझी ही कीर्ती आठवड्याभरात सगळ्या उपनगरांत पोचली. 'दिनूभाऊंचं झालं तसं आमचं नको' म्हणून क्लासवाले, भजनी मंडळं अविला फोन करायला लागली. नोकरीचा विषय संपला. मीही रीतसर घ्यायला गेलो आणि मित्र म्हणून सूट मागितली. "सूट परक्यांना," अवि म्हणाला, "तू पूर्ण दे."

परवा वहिनींकडे गेलो तो एक उदात्त विचार घेऊन. म्हटलं, "वहिनी, अविचं काम आता सगळ्यांना फुकट देऊन टाकू. ज्याला हवं त्याने घ्यावं. घरोघरी त्याचं नाव राहील."

"तो होता तेव्हा न विचारता नेलंत," वहिनी म्हणाल्या, "आता तो गेल्यावर न विचारता वाटायला निघालात?"

मी खाली मान घातली आणि पहिल्यांदाच विचारलं, "मग तुमच्या मनात काय आहे?"

त्या मला अविच्या खोलीत घेऊन गेल्या. कॉम्प्युटर चालू होता. अविचा दीपचंदी ताल अर्धवट राहिला होता. पार्ल्याचे तबलजी येऊन उरलेले बोल देऊन गेले होते, आणि वहिनी ते एकेक करून जोडत होत्या. "हे मी चालवणारे," त्या म्हणाल्या. "बसा. गाऊन दाखवा, ठेका तपासायचाय."

वहिनी अविच्या खुर्चीत बसल्या. टेबलाखाली त्याच्या मोठ्या सपाता होत्या, त्यांत पाय घालून त्या मात्रा धरायला लागल्या. मी सूर लावला. तो लागला नाही. डावी सपात क्षणभर थांबली... आणि पुन्हा चालू झाली.