लहानपणी सांधे सुजायचे का?

"तुमच्या हृदयाची एक झडप आखडली आहे," बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या छातीवरची इकोची जेली अजून पुसायचीच होती.

मी उठून बसले. त्यांनी मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला. हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्प्यांच्या मध्ये एक झडप असते, प्रत्येक ठोक्याला ती उघडते आणि मिटते. माझ्या झडपेच्या कडा जाड होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. रक्ताला पुढे जायला वाट अपुरी पडत होती आणि ते मागे फुप्फुसात तुंबत होतं. या आजाराला 'मायट्रल स्टेनोसिस' म्हणतात. तोवर हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

मी इंदापूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढं मानधन. रजा, औषधपाणी वगैरे काही नाही. गेलं वर्षभर मला दम लागत होता. वर्गात दोन वाक्यं बोलले की मी फळ्याकडे वळायचे आणि खडू हातात धरून नुसती श्वास घ्यायचे. मुलं वह्या उघडून वाट बघायची, त्यांना वाटायचं मॅडम काहीतरी लिहिणार. रक्त कमी असेल म्हणून मी लोहाच्या गोळ्या घेतल्या. आडवं झालं की खोकला यायला लागला, तेव्हा दोन उशा घेतल्या. चौतिसाव्या वर्षी हृदयाचं दुखणं असेल, हे मनात आलं नव्हतं.

"लहानपणी सांधे सुजायचे का?" डॉक्टरांनी विचारलं.

मला पाचवीतलं आठवलं. माहेरी, वरकुट्याच्या घरात मी भिंतीला टेकून बसायचे. आधी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा सुजला. ताप होता. आई मला कडेवर घेऊन एसटीत चढली होती आणि एवढी मोठी पोर कडेवर म्हणून बायका बघत होत्या. इंदापूरच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं. सात-आठ घेतली. मग मी उड्या मारायला लागले, आणि आम्ही जाणं सोडून दिलं.

मी हे सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. 'रूमॅटिक फीवर', ते म्हणाले. घशाच्या साध्या जंतुसंसर्गानंतर काही मुलांना हा ताप येतो. सांधे बरे होतात, पण हृदयाची झडप आतल्या आत खराब होत राहते. मोठेपणी दम लागेपर्यंत पत्ता लागत नाही.

माझे पती मिलिंद कंपनीच्या पाळीवर होते, म्हणून माझ्याबरोबर धाकटे दीर विकास आले होते. बारामतीत ते आरोग्य विम्याचं काम करतात. आमच्या घराची पॉलिसी त्यांनीच दोन वर्षांपूर्वी काढलेली. बाहेरच्या बाकावर बसल्यावर त्यांनी डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला.

"वहिनी," शेवटी ते म्हणाले, "ते लहानपणीचं सांगायला नको होतं."

"का? डॉक्टरांनी विचारलं."

"डॉक्टरांनी लिहिलं ना. विमा कंपनी आता म्हणणार, आजार जुना आहे आणि तुमी फॉर्मवर लपवला."

मला हसूच आलं. पाचवीतले गुडघे आणि आजचं हृदय यांचा संबंध मला अर्ध्या तासापूर्वी कळला होता, मी लपवणार काय? पण रुग्णालयाने उपचारासाठी मंजुरी मागितली आणि तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचं पत्र आलं. कॅशलेस नामंजूर, म्हणजे रुग्णालयाचं बिल कंपनी परस्पर भरणार नाही. कारणात डॉक्टरांची तीच ओळ उतरवली होती.

त्या पत्रानंतरचे दोन दिवस मी फार वाईट काढले. आजारापेक्षा एकच गोष्ट छळत होती, की मी खोटं बोलायला हवं होतं का? पुन्हा तपासायला गेले तेव्हा मी डॉक्टरांना तसं बोलून दाखवलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मी पुढच्या चार तपासण्या वाचवल्या," ते म्हणाले. "पैशाचा मार्ग दुसरा शोधू. आजाराचा मार्ग हाच आहे. ही झडप फुग्याने उघडता येईल, छाती उघडायची गरज नाही. पण फार दिवस थांबू नका."

आमच्या घरात या विषयावर आधीपासूनच दोन पक्ष होते. माझे सासरे, ज्यांना आमचं सगळं निरवांगी गाव आबा म्हणतं, सरकारी आरोग्य खात्यात आरोग्यसेवक होते. लशीची पेटी खांद्याला लावून ते वाड्यावस्त्यांवर फिरले. त्यांचं म्हणणं, दवाखाने सरकारनं चांगले ठेवावेत, विमाबिमा लागतोच कशाला? विकास भाऊजींचं म्हणणं, दवाखान्यात डॉक्टरच नसेल तर काय करायचं, विमा असला की माणूस हवं तिथं जातो. जेवताना हा वाद रंगायचा आणि मी अर्थशास्त्राची म्हणून दोघे माझ्याकडे निवाडा मागायचे. मी दोन्हीकडचे मुद्दे सांगून मोकळी व्हायचे. वर्गातही तसंच करायचे.

कंपनीचं पत्र वाचून झाल्यावर आबा काही जिंकल्यासारखं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "सरकारी योजनेत बघू. तितं जुना आजार, नवा आजार असलं कोण इचारत न्हाय."

ते खरं होतं. योजनेत झडपेचा हा उपचार बसत होता. पण तो बारामतीत नव्हे, पुण्यातल्या ठरावीक रुग्णालयांत. तिथे योजनेच्या टेबलावर मदतीला एक ताई बसल्या होत्या. त्यांनी कागद पाहिले आणि मान हलवली. रेशनकार्डावर माझं माहेरचं नाव होतं, आधारवर सासरचं. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि कार्डावरचं नाव बदलायचं तेवढं राहून गेलं होतं.

मग इंदापूरच्या तहसील कचेरीत फेऱ्या सुरू झाल्या. आबांना मोबाईलवरचे अर्ज जमत नाहीत आणि विकास भाऊजींना कचेरीतलं बोलणं जमत नाही, म्हणून दोघे एकाच मोटारसायकलवर निघाले. वाटेतही त्यांचं भांडण चालूच असणार. पहिल्या दिवशी काम झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिथल्या कारकुनाने उद्या या म्हटल्यावर आबा समोरच्या बाकावर बसले.

"जय भीम, साहेब. मी तीस वर्सं सरकारची चाकरी केलीया. तुमचं बी काम किती असतं, मला ठावं हाय. पण सुनेच्या काळजाची झडप आखडलीया. मी हितं बसतो. तुमचं उरकलं की सांगा."

कारकुनाने आबांकडे पाहिलं, मग कागद ओढून घेतले. दुपारी चारला नाव बदलाचा दाखला हातात होता. घरी आल्यावर भाऊजी म्हणाले, "वहिनी, आमच्या ट्रेनिंगमध्ये असलं कुणी शिकवत नाही."

मंजुरी आली, पण तारीख अठरा दिवसांनंतरची मिळाली. माझ्यासारखे बरेच जण रांगेत होते. ते दिवस मी खुर्चीत बसून काढले. माझी मुलगी मला पाणी आणून द्यायची आणि ग्लास रिकामा होईपर्यंत समोरून हलायची नाही. योजना आहे, पण जागा पुरत नाहीत, हे आबांनी स्वतःहून कबूल केलं. विमा आहे, पण अडचणीत हात वर करतो, हे भाऊजींनी. वाद संपला असं नाही. पण आता दोघांकडे बोलायला अनुभव होता.

पुण्यात आधी घशातून नळी घालून इको केला. हृदयात रक्ताची गुठळी नाही ना, हे त्यात बघतात. नळी गिळताना त्रास होतो, पण काही मिनिटांचंच काम असतं. गुठळी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मला आत नेलं. 'बलून व्हॅल्व्होटॉमी' म्हणजे जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात आणि झडपेपाशी फुगा फुगवून चिकटलेल्या कडा सोडवतात. तेवढीच जागा बधिर करतात. मी पूर्ण जागी होते.

"आता क्षणभर चक्कर आल्यासारखं होईल," डॉक्टर म्हणाले. झालं. छातीत काहीतरी भरलं आणि ओसरलं. ते पडद्याकडे बघत म्हणाले, "उघडली. छान उघडली." मला रडू आलं, तर सिस्टर म्हणाल्या, "हलू नका हं, रडा, पण हलू नका."

दुपारी मला पलंगावर सपाट झोपवून ठेवलं होतं. पाय हलवायचा नव्हता. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, मी उशीशिवाय झोपले आहे आणि खोकला नाही. मिलिंद शेजारी बसले होते. मी त्यांना म्हटलं, "बघा." त्यांना काय बघायचं ते कळेना.

याला आता वर्ष होऊन गेलं. विमा लोकपालांकडे आमची तक्रार चालू आहे आणि भाऊजी तिचा पाठपुरावा सोडत नाहीत. नवी पॉलिसी काढताना ते आता प्रत्येक घरातल्या म्हातारीला सगळ्यांच्या लहानपणच्या दुखण्यांबद्दल विचारतात आणि सगळं फॉर्मवर लिहायला लावतात. काही गिऱ्हाइकं त्यामुळे जातात. आबा शाळेच्या व्हरांड्यात बसून लोकांची कार्डं तपासतात, नाव जुळतं का ते बघतात. मी वर्गात दोन्हीकडचे मुद्दे अजूनही सांगते, पण आता निवाडाही देते: आजारी माणसाला कागदासाठी थांबावं लागू नये, मग पैसे कुणीही भरोत.

हे वाचणाऱ्यांना तीनच गोष्टी सांगते. आपली कार्डं धडधाकट असताना काढून बघा. आणि मुलांचा घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, तर डॉक्टरांनी सांगितलेली इंजेक्शनं अर्ध्यात सोडू नका. डॉक्टरांपासून काही लपवू नका, त्याची काय किंमत पडेल ती पडो.

मला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यावं लागतं. ते मी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घेते. गेल्या खेपेला बाकावर एक बाई सहावीतल्या मुलीला घेऊन बसली होती. मुलीचे गुडघे सुजले होते म्हणून शाळेच्या व्हरांड्यातून आबांनीच त्यांना बारामतीला पाठवलं होतं. झडप चांगली होती, वेळेत सापडलं होतं. तिचं ते पहिलंच इंजेक्शन होतं.

"दुखतंय का वो?" तिने मला हळूच विचारलं.

तिची आई घाईने म्हणाली, "न्हाय दुखत, मुंगी चावल्यागत."

मुलगी माझ्याकडेच बघत होती.

"दुखतं," मी म्हटलं. "चांगलंच दुखतं. संध्याकाळपर्यंत ठणकतं. पण मी दर वेळी येते."

तिने थोडा विचार केला. सिस्टरनी नाव पुकारल्यावर आईचा हात सोडून ती एकटीच आत गेली.