हेल्वीचं रोजचं एक माप

जिनं बावीस वर्षं लोकांच्या गाईंचं दूध मोजलं, त्यात स्निग्धांश किती, प्रथिनं किती हे बिनचूक लिहून दिलं, त्या हेल्वीलाच शहात्तराव्या वर्षी एका तिशीतल्या पोरीनं सांगावं, "तुमच्या खाण्यात प्रथिनं फार कमी पडताहेत"? हेल्वीला राग आला. तो तिनं लपवलाही नाही. लपवणं तिच्या स्वभावातच नव्हतं, आणि तिच्या धंद्यात तर ते पापच होतं.

धंदा म्हणजे दूध-तपासनिसाचा. काचेच्या बाटल्यांची पेटी घेऊन ती एकेका गोठ्यावर दुपारी जायची. संध्याकाळचं दूध मोजायचं, रात्री तिथेच मुक्काम, सकाळचं दूध मोजायचं, नमुने भरायचे आणि पुढच्या गावाची बस पकडायची. आमच्या सरोवराच्या काठचे चाळीस-एक गोठे तिच्याकडे होते. चांगले धिप्पाड शेतकरी तिला टरकून असत. वजनकाट्यासमोर वाकून ती आकडा वाचायला लागली की गोठ्यात गाईसुद्धा रवंथ थांबवतात, असं लोक म्हणायचे. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण फार नाही.

त्या हेल्वीला जानेवारीत न्यूमोनियानं धरलं. तीन आठवडे इस्पितळात काढून ती घरी आली ती निम्मी होऊन. मांड्यांचं मांस उतरलेलं, लोकरी मोजे घोट्यावर गोळा होत होते. औषधांनी पोट असं बिघडलं की दूध, दही, चीज काहीच सोसेना. ज्या दुधानं आयुष्यभर पोसलं त्यानंच पाठ फिरवली, म्हणून ती दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तरी हे सगळं तिनं गिळलं असतं. गिळता येईना ते एकच: सौनातला वरचा बाक.

सौना म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची लाकडी खोली. तिच्यात तीन बाक, पायऱ्यांसारखे एकावर एक. खालचा मुलांचा, मधला पाय टेकायचा, आणि वरचा खऱ्या माणसांचा, कारण खरी वाफ वरच असते. एक्कावन्न वर्षं दर शनिवारी हेल्वी आणि तिचा नवरा ताउनो त्या वरच्या बाकावर शेजारी शेजारी बसले होते. आता तिला मधल्या बाकावरही पाय उचलून ठेवता येत नव्हता. ती खाली बसायची आणि ताउनोच्या टाचा बघायची.

बाहेरच्यांना यात काय एवढं, असं वाटेल. पण ताउनो फक्त वरच्या बाकावर बोलायचा. स्वयंपाकघरात "हं", अंगणात "बरं", चर्चच्या दारात नुसती मान. वर वाफेत बसून अंगाला घाम सुटला की मात्र त्याची जीभ सुटायची. आई गेली तेव्हा काय वाटलं, हे त्यानं तिथे सांगितलं. गाई विकायचा दिवस तिथेच ठरला. मुलगी मेर्या शिकायला शहरात गेली तेव्हा हा माणूस तिथेच हुंदके देऊन रडला होता. हेल्वी आजारातून उठल्यावर तो दोन शनिवार तिच्यासाठी खालच्या बाकावर येऊन बसला. दोघांनी अर्धा तास भिंतीकडे पाहिलं. ताउनोनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

"तू वर जा," हेल्वी शेवटी म्हणाली. "इथे तुझ्या तोंडाला कुलूपच लागतं."

"हं," ताउनो म्हणाला आणि वर गेला.

पण त्याच्या पोटात काहीतरी होतं. हिवाळ्यापासून होतं. एवढ्या वर्षांच्या बायकोला ते कळल्याशिवाय राहतं का? आणि ते खाली येणार नाही, वर जाऊनच आणावं लागणार, हेही तिला कळत होतं.

म्हणून मार्चमध्ये व्यायाम शिकवायला आरोग्यकेंद्रातून सातू आली तेव्हा हेल्वीनं तिला सरळ विचारलं, "वरच्या बाकावर कधी चढू?"

सातूनं स्वयंपाकघरातली खुर्ची पुढे ओढली. "हात छातीशी बांधा आणि उठा. असं पाच वेळा."

हेल्वी एकदा उठली. दुसऱ्यांदा अर्धी उठून धप्पकन बसली.

"पाच वेळा हात न लावता उठलात की चढा. आधी चढलात तर मी ऐकून घेणार नाही, हेल्वी." मग सातूनं तो प्रथिनांचा विषय काढला, हेल्वीचा राग बघितला, आणि जराही न बिचकता पुढे म्हणाली, "दूध चालत नाही, मांस तुम्ही चिमणीएवढं खाता. वाटाण्याची पूड मिळते, प्रथिनांची. डॉक्टरांना विचारून घ्या. पण नुसत्या पुडीनं पाय येत नाहीत हं, खुर्चीवरची ऊठबस रोज हवी."

"आणि ती पूड चांगली आहे हे कोणी सांगितलं?"

"डब्यावर लिहिलंय."

"डब्यावर!" हेल्वी हसली. शेतकरीही तोंडानं काय वाटेल ते सांगायचे.

डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. मेर्यानं शहरातून डबा पाठवला. हेल्वीनं भिंग घेऊन त्याच्यावरचं सगळं वाचलं, मीठ किती, साखर किती, शंभर ग्रॅममध्ये प्रथिनं किती. मग माळ्यावरून आपली जुनी वही काढली आणि नव्या पानावर मथळा लिहिला: "वाटाण्याची पूड. रोजच्या वापराला योग्य की नाही." रोज सकाळी तीस ग्रॅमचं एक माप, तेही तराजूवर. दर रविवारी डब्याचं वजन. खुर्चीवरून किती वेळा उठली, पोटाचं काय म्हणणं आहे, चव कशी, सगळ्याला वेगळा रकाना.

पहिल्याच दिवशी तिनं चूक केली, आणि ती आमच्याच लोकांनी करावी अशी. आम्ही सर्दीवर कॉफी घेतो, दुःखावर कॉफी घेतो, मयताहून आल्यावर कॉफी घेतो. तेव्हा नवी वस्तू कॉफीतच पडणार. हेल्वीनं माप उकळत्या कॉफीत ओतलं. क्षणात कॉफी फाटली. वर गुठळ्या, खाली चिखल. ती तो कप शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, कारण मोजलेला नमुना फेकायचा नसतो. रकान्यात लिहिलं: "कॉफीत नको. कधीच नको."

"कसं लागलं?" ताउनोनं विचारलं. त्याच्या मानानं हे भाषणच झालं.

"भिंत चाटल्यासारखं."

पाण्यात ढवळली तर कच्च्या वाटाण्यांचा वास आला. राय या धान्याच्या पावात घातली तर पाव विटेसारखा झाला. तो ताउनोनं मुकाट्यानं खाल्ला. पहिला आठवडाभर पोट ढोलासारखं वाजत होतं. तेही तिनं वेळेसकट लिहिलं, आणि मेर्या फोनवर "आई, हे मला सांगू नकोस ना!" म्हणून ओरडली. मग एका सकाळी ओटच्या लापशीत पूड घालून वर मागच्या उन्हाळ्यातली गोठवलेली नीलबेरी टाकली, आणि हेल्वीनं चमचा चाटला. ठरलं. रोज लापशीत. पोटही हळूहळू गप्प झालं. एप्रिलच्या मध्याला ती हात न लावता तीनदा उठली.

पण डबा खोटं बोलत होता.

आठवड्याला दोनशे दहा ग्रॅम कमी व्हायला हवेत. होत होते दोनशे सत्तर. तिनं तराजू तपासला. तराजू बरोबर. उंदीर म्हणावा तर डब्याचं झाकण पक्कं. मग ती रोज वजन करू लागली, आणि साठ ग्रॅम गुरुवारी जातात हे कळलं. गुरुवारी आमच्याकडे घरोघर वाटाण्याचं सूप असतं, आणि या घरात ते ताउनो करतो. पुढच्या गुरुवारी ती चालायला म्हणून बाहेर पडली आणि अर्ध्या वाटेवरून परतली. ताउनो चुलीपाशी पाठमोरा उभा होता. त्याच्या निळ्या स्वेटरच्या बाहीवर कोपरापर्यंत पिवळसर पीठ उडालं होतं.

"ताउनो! पुन्हा?"

"पुन्हा" का, तर त्याला त्रेपन्न वर्षांचा इतिहास होता. १९७१ मध्ये तेवीस वर्षांची हेल्वी पहिल्यांदा ताउनोच्या वडलांच्या गोठ्यात आली. मान्सिक्की नावाच्या गाईच्या ओल्या नाकावर तिला ओटचं पीठ चिकटलेलं दिसलं. तपासणीच्या दिवशी दूध जास्त दिसावं म्हणून ताउनोनं गाईला चोरून जादा खुराक चारला होता. हेल्वीनं शेरा मारला, "खुराकाबद्दल शंका, पुन्हा तपासणी", आणि दहा दिवसांनी परत आली. त्या खेपेला ताउनोनं तिची पेटी बसथांब्यापर्यंत उचलून नेली आणि वाटेत चक्क चार वाक्यं बोलला. "मी चोर पकडला आणि नवरा करून ठेवला," हे हेल्वी प्रत्येक लग्नात, प्रत्येक वाढदिवसाला सांगायची. आमच्या गावात ते सगळ्यांना पाठ आहे.

"माझी तपासणी बिघडवलीस तू," ती आता म्हणाली. "सहा आठवडे! रोज एक माप पुरतं की नाही, हे मला बघायचं होतं. आता काय कळणार? डोंबल?"

"हं," ताउनो खाली बघत म्हणाला.

"हं काय हं!"

सातूला हे सांगितल्यावर ती पोट धरून हसली. "अहो, आज तुम्ही चारदा उठलात. वहीत काय आहे ते जाऊ द्या."

"वही जाऊ द्या?" हेल्वीनं तिच्याकडे असं पाहिलं की सातूनं हसू आवरलं. नमुना बिघडला की तपासणी पहिल्यापासून, या नियमावर हेल्वीचं आयुष्य गेलं होतं. तिनं सहा आठवड्यांच्या पानावर उभी रेघ मारली, डबा आपल्या खोलीत नेऊन ठेवला आणि मेच्या पहिल्या सोमवारपासून नव्यानं सुरुवात केली. लापशी, नीलबेरी, एक माप. खुर्ची, दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी, आधी टेबलाला धरून, मग बोटं टेकवून, मग नुसती टेबलाकडे बघून. बर्फ वितळला, सरोवर मोकळं झालं, ताउनोनं होडी उलथून डांबर लावलं. मनातून ती घाबरली होती. पाचवं उठणं काही येत नव्हतं. एवढं करूनही पाय म्हणाले, 'बस, इथपर्यंतच,' तर?

जूनच्या तिसऱ्या मंगळवारी ते आलं. सातूच्या समोर, हात छातीशी बांधून, पाचदा. पाचव्याला पाय थरथरले, पण उठले. सातूनं तिला मिठी मारली. आमच्याकडे हे सहसा होत नाही, म्हणून दोघी जरा ओशाळल्या.

शुक्रवारी यूहान्नुस, उन्हाळ्याच्या मध्याचा सण. ताउनोनं सौनाच्या दाराशी दोन कोवळी बर्चझाडं उभी केली आणि दुपारपासून चूल पेटवली. हेल्वीनं खालच्या बाकावर पाय ठेवला. मधल्यावर ठेवला. ताउनोनं हात पुढे केला, तिनं तो झटकला, आणि ती वर जाऊन बसली. ताउनोनं तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ कानांना झोंबली. किती महिन्यांनी! तिचे डोळे भरून आले.

तिनं घाई केली नाही, त्याला नीट घाम सुटू दिला.

"ते पीठ," ताउनो म्हणाला.

"सूपातलं?"

"मान्सिक्कीच्या नाकावरचं. मी पुसलं नव्हतं."

"विसरलास, दुसरं काय."

"विसरलो नव्हतो. फडकं खांद्यावरच होतं." त्यानं घाम निपटला. "शंका आली की तपासनीस पुन्हा येतो, हे मला ठाऊक होतं."

त्रेपन्न वर्षं ती लोकांना सांगत आली होती, मी चोर पकडला.

"आणि हे तू आज सांगतोस, मेल्या?"

"तू सगळ्यांना इतकं रंगवून सांगायचीस. मला आवडायचं." त्यानं पळी बादलीत ठेवली. "हिवाळ्यात तू तिकडे खाटेवर होतीस, तेव्हा वाटलं, आता सांगायचं राहूनच गेलं. फार भीती वाटली गं. मग तू घरी आलीस, पण खाली बसून मला सांगताच येईना."

"म्हणून सूपात चोरून घालत होतास?"

"तेवढंच मला येतं. तू परत यावीस म्हणून."

हेल्वीनं त्याचा ओला हात धरला आणि सोडला नाही. पाणी टाकायचं राहून गेलं, दगड निवत गेले, तरी दोघं वरच बसून राहिले.

सोमवारी तिनं वही पुरी केली. "वाटाण्याची पूड: रोजच्या वापराला योग्य. लापशीत, नीलबेरीबरोबर. कॉफीत नको. एक माप पुरतं, पण खुर्ची सोडायची नाही." खाली शेऱ्याची जागा रिकामी होती. तिनं जरा विचार केला, आणि तिथे आपल्या जुन्या, तिरक्या अक्षरात लिहिलं: "खुराकाबद्दल शंका. पुन्हा तपासणी दर शनिवारी, वरच्या बाकावर."