गाळलेली पानं

हे मी कोणालेच सांगितलं नाई. मालकाले नाई, प्रार्थनेतही मोठ्यानं नाई. आता तुमी समोर बसले आहा असं समजून सांगते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं साल. आमी अनसिंग गावाले राहत होतो. माझ्या सासूबाई, मी त्यांले आत्याबाई म्हणायची, दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या. मी शाळेत गेलेली नाई. दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरं शिकली. त्याचंच त्यांले मोठं कौतुक. म्हणाल्या, पवित्र शास्त्र, आपलं बायबल, पहिल्या पानापासून वाचून दाखव, रोज दिवेलागणीले. आणि सहज, भाकरी मोडता मोडता, अजून एक बोलल्या —

"ज्या दिवशी शेवटचं पान होईन ना, त्या दिवशी मी जाईन."

मी हसली. तुमी नसते हसले?

वाचून झालं की त्या उरलेली पानं अंगठ्यानं दाबून पाहत. जाडी किती राहिली ते.

आता — कसं सांगू? दिवसभर कापूस वेचायचा, घरी आलं की त्यांचं न्हाणंधुणं, हागणंमुतणं सारं करायचं, अन् मग हे वाचन. एका संध्याकाळी नुसत्या नावांचीच पानं आली. मी गाळली. कोणाले कळणार होतं? दुसऱ्या दिवशी चिमूटभर गाळली. मग मूठभर.

अन् पानं गाळली की त्या कमी जेवत. मी पाहत होती ना. आधी अर्धी भाकरी, मग नुसतं वरणाचं पाणी. हात थंडगार. एकदा अंगठा पानांवर ठेवून म्हणाल्या, आज लय सरलं वं पोरी. मी म्हटलं, पानं पातळ हायेत.

शेवटचं पान मी घाईनं वाचलं. त्यांचा अंगठा पुठ्ठ्याले लागला.

"सारं वाचलं ना वं?"

"सारं वाचलं, आत्याबाई."

सकाळी त्या गेलेल्या होत्या. तापही नव्हता काई.

तेव्हापासून मी रोज वाचते. गाळलेलं सारं वाचलं. सबुरी, दुःख, देवाची वाट पाहणं, सारं त्याच पानांत होतं. माझा विश्वास वाढला तो त्याच पानांनी. चर्चच्या मंडळीतल्या बाया म्हणतात, तुमच्यावानी विश्वास पाहिजे. कधी वाचता वाचता उजवीकडची पानं कोणी दाबल्यासारखी खाली बसतात. मी वाचत राहते.

दमली होती म्हणून गाळलं, असं मी स्वतःले लय वर्षं सांगितलं. खोटं हाये. आत्याबाई काय म्हणाल्या होत्या, ते मले पाठ होतं. पाठ असूनच मी पानं उलटली.