हवालदारांचा ताळा

„जुळत न्हाई," असं म्हणायच्या आधी हवालदार चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत. मग पुन्हा डोळ्यांवर चढवून डाव्या हाताचं बोट गाइडवर आणि उजव्या हाताचं मुलीच्या वहीवर ठेवत. दोन्ही बोटं एकेका ओळीवरून बरोबरीनं खाली सरकत. एखादं बोट अडलं, की दुसरंही थांबे. तिथं लाल पेन्सिलीची फुली पडे.

फौजेत ते सिग्नलमध्ये होते. वीस वर्षं त्यांनी सांकेतिक निरोप घेतले आणि पाठवले. निरोपाचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नाही, त्यांनीही विचारला नाही. „आमचं काम अक्षराशी. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर तिकडं पलटन मरती," असं ते सांगत. निवृत्त होऊन औंधच्या बाजूला आपल्या गावी आले तेव्हा त्यांच्या सुमननं आमच्याकडे अकरावी शास्त्र शाखेला नाव घातलं. हे वर्ग आमच्या शाळेला नुकतेच जोडलेले होते. मी गणिताला नवा होतो आणि पोरांना प्रश्न विचारायला लावण्याइतका धीट झालो नव्हतो.

हवालदारांचं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण मुलीचा अभ्यास घ्यायचाच, हे त्यांनी ठरवलेलं. त्यांनी साताऱ्याहून सोडवलेल्या उदाहरणांचं जाडजूड गाइड आणलं. रोज सकाळी म्हशीची धार काढून झाली, की ते ओसरीवर वही तपासायला बसत. गणित येत नसलं तरी चिन्हांना त्यांनी आपली नावं दिली होती. थीटा म्हणजे पोटात रेघ मारलेलं शून्य. इंटिग्रेशनचं चिन्ह म्हणजे आकडी, चिंचा पाडायची असते तशी. „सर, आकडीचा धडा कवा संपणार?" असं त्यांनी मला भर बाजारात विचारलं होतं. मीही नकळत वर्गात एकदा आकडी म्हणून गेलो.

तुमच्याही पाहण्यात असे बाप असतील. मुलांच्या वहीतलं अक्षरही त्यांना कळत नाही, पण वही उघडून बसल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. मला त्यांचं कौतुकच वाटायचं.

अकरावीत सुमनची गणितं तिची स्वतःची असत. लांबचा रस्ता घेई, मध्येच एखादी वेगळीच युक्ती करी, पण पोचे. बारावीच्या दिवाळीनंतर मात्र तिची वही हुबेहूब गाइडसारखी दिसायला लागली. एका उदाहरणात गाइडवाल्यांनी उणेच्या जागी अधिक छापलं होतं आणि पुढच्या ओळीत ते आपोआप पुन्हा उणे झालं होतं. सुमनच्या वहीतही तसंच. मी वही वर धरली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालो, की याला गणित म्हणत नाहीत, याला नक्कल म्हणतात. दुसऱ्या दिवशी सुमन आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी सकाळी मी सायकल काढली. हवालदारांना वाटलं, मी मुलीचं कौतुक करायला आलो. त्यांनी घोंगडं अंथरलं, चहा सांगितला आणि जुन्या वह्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. सुमन दाराशी उभी होती. मी एक वही उघडली. पानापानावर लाल फुल्या होत्या. एका फुलीपाशी मी थांबलो. गाइडच्या उत्तरात साइनचा वर्ग होता, सुमनच्या उत्तरात कॉसचा, तोही उण्याचा.

„हे बरोबर आहे," मी म्हणालो.

हवालदारांनी चष्मा पुसला. दोन्ही बोटं ठेवली. „जुळत न्हाई, सर."

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला. अशा गणितात शेवटी एक स्थिर संख्या मोकळी सोडलेली असते, ती कितीही धरली तरी चालते. त्यामुळं दोन उत्तरं वेगळी दिसली तरी त्यांच्यात अंतर कायम तेवढंच राहतं आणि दोन्हींचा चढ-उतार एकच असतो. ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले. मग समोरच्या डोंगराकडे बघितलं. तिथं त्यांची दोन वावरं होती, एक बांधाच्या वर, एक खाली.

„म्हंजे उतार त्योच. येक वावार वरच्या अंगाला, येक खालच्या."

„तेच," मी म्हणालो. वर्गात मला हे इतकं सोपं करून कधी सांगता आलं नव्हतं.

पण त्यांचा चेहरा उजळला नाही. त्यांनी वही पुन्हा माझ्याकडे सरकवली आणि बाकीच्या फुल्या बघायला सांगितलं. मी बघत गेलो. काही चुका खऱ्या होत्या. पुष्कळशा नव्हत्या. पोरीनं आपल्या वाटेनं बरोबर उत्तर काढलं होतं आणि बापानं ते कापलं होतं.

तू सांगितलं का नाहीस, असं त्यांनी तिला विचारलं.

„सांगितलं होतं, आबा. तुम्ही म्हणालात, जुळत नाही म्हंजे चूकच. रोज फुली बघून मला पण वाटायला लागलं, की मीच चुकतीय. मग बघूनच लिवाय लागले."

चहा निवत होता. हवालदार उठले, लेकीपुढं जाऊन उभे राहिले. पाठ ताठ, हात मांड्यांना लागलेले. साहेबापुढं उभं राहावं तसे.

„माझं चुकलं, सुमे," ते म्हणाले.

तिनं मान खाली घातली आणि रडू लागली. मला त्या घोंगड्यावर बसवेना. मीही तिला म्हणालो, की माझंही चुकलंय आणि ते मी उद्या वर्गात सांगेन. सांगितलंही. वर्गासमोर चूक कबूल करायला मला एरवी जमलं नसतं. पण तो ताठ उभा राहिलेला माणूस डोळ्यांपुढे होता.

निघताना हवालदारांनी मला हळूच विचारलं, „आठवीचं बीजगणिताचं पुस्तक मिळंल का?"

पुढे त्या घरात उलटा कारभार सुरू झाला. मुलगी बारावीची गणितं करी आणि बाप आठवीची. वही बापाची आणि तपासणारी लेक. ती फार कडक होती. पायरी गाळली, की गणित पुन्हा करायला लावी. ते माझ्याकडे तक्रार घेऊन येत. „आमच्या सुभेदारापरास कडक हाय हो," असं सांगताना त्यांचं तोंड मात्र हसरं असे. समीकरणात एक्सची किंमत घालून दोन्ही बाजू सारख्या येतात का, हे बघायला ते शिकले तेव्हा मुद्दाम शाळेत येऊन मला सांगून गेले. आता ताळा करायला गाइड लागत नव्हतं.

सुमन गणितात चांगल्या गुणांनी पास झाली आणि सांगलीला बी.एस्सी.ला गेली. वसतिगृहातून ती पोस्टकार्डावर खुशाली लिही आणि खाली एक गणित घाली. हवालदार उत्तर पाठवत. पोस्टमन म्हणे, यांच्या पत्रात मजकूर कमी आणि आकडेच जास्त. एका पत्रावर तिनं „बरोबर, पण माझ्या रीतीनं नाही" असा शेरा मारला होता. तो त्यांनी गावात सगळ्यांना दाखवला.

दोन वर्षांनी माझी सांगलीच्या बाजूला बदली झाली. नंतर हवालदारांच्या गावी जाणं झालं नाही. हवालदार वारल्याचं सुमनकडूनच कळलं, तेव्हा सगळ्यात आधी माझ्या बदलीचा, निरोपाचा दिवस डोळ्यांपुढे आला. पिशवीभर शेंगा घेऊन ते मला एसटीपर्यंत पोचवायला आले होते. दहावीच्या पुस्तकातलं एक गणित त्यांना चार दिवस सुटत नव्हतं. ते त्यांनी मला तोंडपाठ म्हणून दाखवलं. मी सांगायला लागलो तसा त्यांनी हात वर केला.

„सांगू नगा. सापडंल मला."

गाडी हलली. मी मागच्या काचेतून हात केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून बोटांवर काहीतरी मोजत होते. मागून उसाची बैलगाडी आली होती. गाडीवान थोडा वेळ थांबला, त्यांच्याकडे बघितलं आणि बैलं कडेनं काढून पुढे गेला.